जळगाव जामोदच्या पिन कोडचा ‘पूर्वज’ निघाला लोणारचा! ४४३४०२ या संख्येत दडलंय तरी काय?

जळगाव जामोद : जळगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ते खान्देशातले जळगाव. केळी, सोने आणि भरीत. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जळगाव जामोदकरांना म्हणूनच आपल्या गावापुढे ‘जामोद’ जोडावे लागते. जामोद हे याच तालुक्यातले दुसरे गाव. स्थानिक बातम्यांत त्याचे आणखी छोटे रूप होते, ‘जळगाव जा.’

मोबाइलवरून कपडे मागवा, बँकेचा अर्ज भरा किंवा परीक्षेचा फॉर्म भरा, ही दोन जळगावे वेगळी ठेवण्याचे काम शेवटी सहा आकडे करतात. खान्देशातल्या जळगावचे ४२५००१ आणि जळगाव जामोदचे ४४३४०२. नावात घोळ झाला तरी आकडा बरोबर असेल तर पार्सल योग्य गावी पोहोचते.

पण आकडाच चुकला तर? ४४३४०२ मधला एक ‘४’ चुकून ‘३’ झाला की होतो ४४३३०२. हा पिन कोड लोणारचा आहे. म्हणजे जिल्ह्याचे थेट दुसरे टोक. गंमत अशी, की गणिताने पाहिले तर लोणारच्या या आकड्याशी जळगाव जामोदच्या आकड्याचे आणखी एक नाते निघते. ते शोधण्याची रीत नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी घालून दिली आहे. त्याआधी हे सहा आकडे आले कुठून, ते पाहू.

हे सहा आकडे आले कुठून?

पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. देशात ही पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ती आखण्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. टपाल खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, चुकीची स्पेलिंग या सगळ्यातून पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याची सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. दोन जळगावांचा प्रश्न म्हणजे या हेतूचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण.

पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. (पद्धत सुरू झाली तेव्हा छत्तीसगड मध्य प्रदेशातच होते.) पहिले दोन आकडे ४४ आले की पत्र विदर्भाकडे वळते. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारे टपाल कार्यालय सांगतात.

इथे बुलढाणा जिल्ह्यात एक तिढा आहे. बुलढाणा शहर ४४३००१, मलकापूर ४४३१०१, नांदुरा ४४३४०४, आसलगाव ४४३४०३ अशी ४४३ ची रांग आहे. पण याच जिल्ह्यातले शेगाव आहे ४४४२०३, खामगाव ४४४३०३ आणि जळगाव जामोदला लागून असलेला संग्रामपूर ४४४२०२. कारण टपालाचा ‘जिल्हा’ आणि महसुली जिल्हा एकच असेल असे नाही. पत्र कोणत्या मार्गाने जाते, यावर टपालाची विभागणी ठरते, जिल्हाधिकारी कार्यालय कुठे आहे यावर नाही.

थोडक्यात, पिन कोड हे आकड्यांत लिहिलेले नाव आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. पण तरीही ती एक संख्याच. चार लाख त्रेचाळीस हजार चारशे दोन. मग तिला संख्या म्हणून तपासायला काय हरकत आहे?

आधी फोडून पाहू

कोणत्याही पूर्ण संख्येची पहिली चौकशी म्हणजे तिचे मूळ अवयव. ४४३४०२ सम आहे, त्यामुळे २ ने भाग जातो आणि उरतात २,२१,७०१. या संख्येच्या अंकांची बेरीज १३, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटी १ आहे, म्हणून ५ नाही. ७, ११, १३, १७... मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक मूळ संख्या टाकत गेलात तर बराच वेळ प्रत्येक वेळी अपूर्णांकच येतो. ७१ पर्यंत काहीच हाती लागत नाही. मग ७३ टाकले की एकदम नीट उत्तर येते, ३,०३७. आणि ३,०३७ ही स्वतः मूळ संख्या आहे.

म्हणजे ४४३४०२ = २ × ७३ × ३०३७.

७३ पर्यंत चाचपडत जायचे नसेल तर एक युक्ती आहे. १०,००१ ही संख्या ७३ × १३७ इतकी आहे. त्यामुळे कोणत्याही सहा अंकी संख्येचे शेवटचे चार अंक घ्या आणि त्यातून पुढचे दोन अंक वजा करा. उत्तराला ७३ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. इथे ३४०२ वजा ४४ म्हणजे ३३५८, आणि ३३५८ म्हणजे ७३ × ४६. आपल्या गावाच्या पिनवर ही युक्ती करून पाहायला अर्धा मिनिट पुरतो. मात्र बहुतेकांच्या पदरी निराशाच येईल, कारण ७३ ने भाग जाणारी संख्या सरासरी ७३ मध्ये एकच असते.

तीन वेगवेगळे मूळ अवयव असल्याने ४४३४०२ ला नेमके आठ विभाजक आहेत : १, २, ७३, १४६, ३०३७, ६०७४, २२१७०१ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकी सातांची बेरीज २,३१,०३४ भरते, म्हणजे मूळ संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. अशा संख्यांना गणितात न्यून संख्या म्हणतात.

देवळालीचे गुरुजी

इथपर्यंतचे गणित जगात कुठल्याही शाळेत होते. पुढचे मात्र आपल्या मातीतले आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात आणि पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये विद्यार्थी असतानाच त्यांनी रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळवले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. तरीही संख्यांच्या अंकांशी खेळत त्यांनी जे शोधले, त्याला आज जगभर ‘कापरेकर’ हेच नाव आहे.

त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी या कामाला करमणुकीपलीकडे फारशी किंमत दिली नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि हे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कापरेकरांच्या काही कसोट्या ४४३४०२ ला लावता येतात. पहिली सोपी आहे. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जात असेल तर ती ‘हर्षद’ संख्या, म्हणजे हर्ष देणारी. जळगाव जामोदच्या पिनमधल्या अंकांची बेरीज ४+४+३+४+०+२ = १७. आणि ४४३४०२ ला १७ ने भागले की बाकी ८ उरते. हर्षद नाही.

नागपूर जीपीओचा ४४०००१ मात्र पास होतो. अंकांची बेरीज ९ आणि ९ × ४८,८८९ = ४,४०,००१. कापरेकरांच्या नाशिकचा ४२२००१ सुद्धा हर्षद. बिचारे अमरावती (४४४६०१) आणि आपले नांदुरा (४४३४०४) अगदी एकाने हुकतात. दोघांच्या अंकांची बेरीज १९ आणि दोघांचीही बाकी १.

अर्थात, हर्षद असण्याने गावाचे काही बरे होत नाही की नसण्याने वाईट. हा गुण आपण संख्या दशमान पद्धतीत लिहितो यावर अवलंबून आहे. तुमच्या मोबाइलच्या आत हीच संख्या ११०११०००१००००००१०१० अशी एकोणीस बिटांत असते. तिथे अंकांची बेरीज १७ नसून ७ होते. २ × ७३ × ३०३७ हे अवयव मात्र संख्या कशीही लिहिली तरी बदलत नाहीत. कापरेकरांच्या कामाकडे काही गणितज्ञांनी पाठ फिरवली ती बरीचशी याच फरकामुळे. पण रोजच्या व्यवहारात चूक होते ती अवयवांत होत नाही, अंकांतच होते. त्यामुळे अंकांचा अभ्यास इतका दुय्यम मानायचे कारण नाही, हे पुढे दिसेलच.

पाच पायऱ्या मागे गेले की लोणार

कापरेकरांची दुसरी कल्पना अधिक मजेदार आहे. एखादी संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. नवी संख्या तयार होते. पहिली संख्या दुसरीची ‘जनक’. उदाहरणार्थ २३ + (२+३) = २८, म्हणजे २३ ही २८ ची जनक.

मग प्रश्न येतो, ४४३४०२ चा जनक कोण?

सगळ्या संख्या तपासत बसायची गरज नाही. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, म्हणून जनक मागच्या ५४ संख्यांतच असणार. शिवाय ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा हिशेब लावला की त्यातल्याही मोजक्या सहाच शिल्लक राहतात. त्या तपासल्या की एकच खरी ठरते : ४४३३८०. तिच्या अंकांची बेरीज २२, आणि ४४३३८० + २२ = ४४३४०२.

आता तिचा जनक? ४४३३६०, कारण अंकांची बेरीज २०. त्याच्या मागे ४४३३४१, बेरीज १९. त्याच्या मागे ४४३३१८, बेरीज २३. आणि त्याच्या मागे?

४४३३०२. अंकांची बेरीज १६. ४४३३०२ + १६ = ४४३३१८.

हाच तो लोणारचा पिन कोड. म्हणजे उल्कापाताने तयार झालेल्या सरोवराच्या गावाचा आकडा घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवत जा, बरोबर पाचव्या पायरीला तुम्ही जळगाव जामोदला पोहोचता. बरे, ४४३३१८ ला आणखी एक जनक आहे, ४४३२९३ (बेरीज २५). त्यामुळे लोणार हा एकमेव पूर्वज नाही. पण पिन कोड नेमून देताना टपाल खात्याने असे काही ठरवले असेल, हा विचारच सोडून द्या. हा शुद्ध योगायोग आहे. व्हॉट्सॲपवर ‘ऋषीमुनींनी आधीच सांगितले होते’ म्हणून हे फिरू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

काही संख्यांना जनकच नसतो. कापरेकरांनी त्यांना दिलेले नाव अस्सल भारतीय आहे, ‘स्वयंभू’. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या सुरुवातीच्या स्वयंभू संख्या. जळगाव जामोदच्या पुढे शोधत गेले तर पहिली स्वयंभू संख्या लागते ती ४४३४११, म्हणजे फक्त नऊ पावलांवर.

३४०२ ला ६१७४ पर्यंत जायला सात पायऱ्या

कापरेकरांचे नाव ज्या संख्येमुळे सर्वाधिक घेतले जाते ती म्हणजे ६१७४. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली. कृती अशी : कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि पहिल्यातून दुसरी संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते, आणि तिथून पुढे हलत नाही.

जळगाव जामोदच्या पिनचे शेवटचे चार अंक ३४०२. करून पाहू.

४३२० − ०२३४ = ४०८६
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या. म्हणजे शक्य असलेला सर्वांत लांबचा रस्ता. लोणारचा ३३०२ तीनच पायऱ्यांत पोहोचतो, आसलगावचा ३४०३ चार पायऱ्यांत, तर नांदुऱ्याचा ३४०४ पुन्हा सात.

हे होते कसे? यात जादू नाही. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे धरले तर वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतके येते. ३४०२ साठी टोकाच्या अंकांतला फरक ४ − ० = ४ आणि मधल्या अंकांतला फरक ३ − २ = १. म्हणून ९९९ × ४ + ९० × १ = ४०८६. म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरते. असे दोन फरकांचे एकूण प्रकार ५४ च आहेत. जवळपास दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ खोक्यांत बसतात. मग ती ५४ खोकी कागदावर तपासली की झाले. सगळ्या वाटा ६१७४ लाच मिळतात. ३४०२ आणि ३४०४ यांचा रस्ता सारखा का, याचेही उत्तर इथेच आहे. दोघांचे दोन्ही फरक सारखे आहेत.

सहा अंकांना हीच कृती लावली तर मात्र चित्र बदलते. ४४४३२० − ०२३४४४ = ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि फिरून पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचे हे रिंगण आहे. त्यात शिरलेला आकडा बाहेर पडत नाही. जळगाव जामोदचा पिन पहिल्याच पावलात आत जातो. सहा अंकांत स्थिर राहणाऱ्या संख्याही आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, पण त्या आपल्या वाटेत येत नाहीत.

शेगाव आणि जळगाव जामोद : तेच सहा अंक

आता आणखी एक शेजारी पाहा. शेगावचा पिन ४४४२०३. जळगाव जामोदचा ४४३४०२. दोन्हींत तीन वेळा ४, एकदा ३, एकदा २ आणि एक शून्य. तेच सहा अंक, फक्त जागा बदललेल्या. साहजिकच दोघांच्याही अंकांची बेरीज १७ आणि दोघांचीही वरची पहिली वजाबाकी ४२०८७६ च. दोन्ही पिनमधला फरक ८०१, म्हणजे ९ × ८९. अंकांची नुसती अदलाबदल केली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, हा जुन्या हिशेबनिसांचा ठोकताळा. खतावणीचा मेळ बसेना आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची उलटापालट झाली असावी असा संशय ते आधी घेत.

इथूनच हा विषय गमतीकडून कामाकडे वळतो. समजा, पिन कोड बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी कोणी ‘अंकांची बेरीज १७ यायला हवी’ असा नियम केला. लोणारची चूक लगेच पकडली जाईल, कारण तिथे बेरीज १६ आहे. पण शेगाव बिनदिक्कत आत येईल. नुसत्या बेरजेला अंकांच्या जागा कळत नाहीत.

कार्डाला कळते, पिन कोडला का कळत नाही?

टाइप करताना माणूस दोन चुका सर्वाधिक करतो. एक अंक चुकीचा दाबणे आणि शेजारचे दोन अंक उलटे टाकणे. या दोन्ही पकडायच्या तर प्रत्येक अंकाला जागेप्रमाणे वेगळे वजन द्यावे लागते. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली पद्धत याच तत्त्वावर चालते आणि तुमच्या डेबिट कार्डवरच्या क्रमांकाचा शेवटचा अंक आजही तिनेच ठरतो.

ती ४४३४०२ वर चालवून पाहू. उजवीकडून सुरुवात करून एक आड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची. २ चे ४, ० तसाच, ४ चे ८, ३ तसाच, ४ चे ८, ४ तसाच. एकूण २७. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ३० ला, ३ कमी पडतात. हा ३ झाला तपासणीचा अंक. जळगाव जामोदचा पिन सात अंकी असता तर तो ४४३४०२३ झाला असता. लोणारचा याच रीतीने ४४३३०२५ आणि शेगावचा ४४४२०३४. आता कोणी ४४३४०२३ ऐवजी ४४३३०२३ टाकले तर बेरीज २८ येते, ३० नाही. फोन तिथल्या तिथे सांगू शकतो, ‘क्रमांक चुकला.’ इंटरनेटही लागत नाही. कार्डाचा एखादा अंक चुकल्यावर ‘पे’ दाबण्याआधीच अक्षरे लाल होतात, ती यामुळेच.

लून यांच्या पद्धतीतही एक भोक आहे. शेजारच्या ० आणि ९ ची अदलाबदल तिला दिसत नाही. आधारच्या बारा अंकी क्रमांकासाठी म्हणून नेदरलँड्सचे गणितज्ञ याकोबस वेरहूफ यांची १९६९ ची पद्धत वापरली आहे. ती एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांचा पहारेकरी असतो.

पिन कोडला असा पहारेकरी नाही. दहा अंकी मोबाइल क्रमांकालाही नाही. १९७२ मध्ये पिन माणसाच्या डोळ्यांसाठी आखला गेला. पत्र हातात घेणाऱ्या कर्मचाऱ्याला पत्त्यावर ‘जळगाव जामोद’ आणि पुढे लोणारचा आकडा दिसला तर तो खटकायचा. आज पार्सलची वर्गवारी बरीचशी स्कॅनर करतो आणि स्कॅनरला तसे खटकेलच याची खात्री नाही.

बँक खात्याच्या बाबतीत मामला अधिक गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावरून. नाव वेगळे असले तरी पैसे त्या क्रमांकावर जातात. खाते क्रमांकाची लांबी आणि रचना प्रत्येक बँकेची वेगळी. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एक तपासणी अंकही नाही. म्हणूनच पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. यूपीआयमध्ये ही सोय आधीपासून आहे. नाव न वाचता ‘पुढे’ दाबणाऱ्यांना अर्थातच तिचा उपयोग नाही.

पत्ता भरताना नेमके काय पाहायचे?

बहुतेक ॲपवर पिन टाकला की जिल्हा आणि राज्य आपोआप भरले जाते आणि आपण निश्चिंत होतो. जळगाव जामोद, आसलगाव आणि नांदुरा यांच्या पिनमध्ये फक्त शेवटचा अंक वेगळा. लोणारचा मधला एक अंक वेगळा. या चारही पिनला ॲप ‘बुलढाणा, महाराष्ट्र’ असेच दाखवणार आणि पाहणाऱ्याला सगळे बरोबर वाटणार. त्यामुळे जिल्ह्याच्या नावावर थांबू नका. टपाल कार्यालयाचे किंवा गावाचे नाव येत असेल तर ते वाचा. येत नसेल तर शेवटचे तीन अंक पुन्हा एकदा पाहा. पत्त्यात ‘जामोद’ पूर्ण लिहा. ‘जा.’ हे आपल्याला कळते, पुण्या-मुंबईच्या गोदामातल्या माणसाला कळेलच असे नाही.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र संकेत. त्यात सोळा चिन्हे वापरली आहेत, म्हणजे एकूण जोडण्या सुमारे १ लाख १० हजार कोटी. तालुक्यातल्या शेतातल्या एकाकी घरालाही त्यातून स्वतःचा संकेत मिळतो. मात्र जुना पिन कोड रद्द झालेला नाही. पत्त्याच्या शेवटी तो अजूनही लिहावाच लागतो, आणि जळगाव जामोदसाठी तो ४४३४०२ आहे. मधला अंक चार, तीन नाही.